वीज गेल्यानंतरचे चार दिवस

रोहिणीचा पाऊस एकदोनदां शिंतोडून गेला व मृग तोंडावर आला, म्हणजे आपल्याकडील प्रत्येक शेतकरी घरावरून एकवार नजर फिरवितो. कौलें चाळून घेतो, गोठा शाकारतो, बियाणें उन्हांत घालून पाहतो आणि वैरणीची गंज नीट झांकतो. ही तयारी वाडवडिलांपासून चालत आलेली असल्यामुळें तिजविषयीं कोणास कांहीं सांगण्याचें कारण नाहीं. परंतु गेल्या पन्नास-साठ वर्षांत आपल्या घरांत एक नवी वस्तु येऊन बसली आहे व तिच्या बाबतींत पावसाळ्यापूर्वीं कांहीं तजवीज करावी अशी चाल मात्र अद्याप पडलेली नाहीं. ती वस्तु म्हणजे वीज. ती आली तेव्हां दिव्यासाठीं आली अशी आपली समजूत झाली. पण दिव्याच्या तारेवरूनच ती पुढें विहिरींत उतरली, पिठाच्या गिरणींत गेली, दूध थंड करण्याच्या टाकीला लागली, खिशांतील फोनांत शिरली आणि अलीकडे तर बाजारांतील देवघेवही तिच्याच आधारानें होऊं लागली. आज वीज गेली म्हणजे केवळ दिवा विझत नाहीं. पाणी, पीठ, निरोप आणि पैसा हीं चारही एकदम थांबतात, कारण तीं सर्व आपण एकाच तारेवर टांगून ठेविलीं आहेत.

भारनियमनाची आपणांस संवय आहे. सन २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत खेड्यांतून दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे, आणि शेतीपंपांस पाळीपाळीनें पुरवठा होणें हें अनेक ठिकाणीं आजही चालूच आहे. आमच्या मतें या संवयीनेंच आपण अधिक गाफील झालों आहों. चार-सहा तास वीज नसणें ही अडचण होय. चार-सहा दिवस वीज नसणें ही आपत्ति होय. आणि अडचणीला पुरणारी सोय आपत्तीला पुरत नाहीं, ही गोष्ट प्रसंग येईपर्यंत ध्यानांत येत नाहीं.

असे प्रसंग दूरचे नाहींत. सन २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्यानें नारळी-पोफळीच्या वाड्या जशा झोपविल्या तसेच विजेचे खांबही झोपविले, आणि श्रीवर्धन, म्हसळें, मंडणगड, दापोली या भागांतील कित्येक गांवांस वीज पुन्हा दिसण्यास आठवडेच्या आठवडे लागले. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टांत, कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या पुरानें सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें वेढलीं गेलीं. पुणें-बंगळूर हमरस्ता कोल्हापुराजवळ कित्येक दिवस बंद राहिला. चोहोंकडे पाणीच पाणी असतां कोल्हापूर शहरास पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागली, कारण नदीचें पाणी उपसून देणारीं यंत्रेंच पुराखालीं गेलीं होतीं. सन २०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस चिपळुणांत वाशिष्ठीचें पाणी रात्रींतून चढलें व पाहतां पाहतां लोकांना माळ्यांचा व छपरांचा आश्रय घ्यावा लागला. वादळ नाहीं, पूर नाहीं, अशाही दिवशीं वीज जाऊं शकते. सन २०२० च्या ऑक्टोबरांत १२ तारखेस सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई व आसपासच्या शहरांचा पुरवठा एकाएकीं तुटला आणि आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. तेथें कांहीं तासांत तो पूर्ववत् झाला हें खरें. परंतु राजधानीच्या तारेसाठीं जी धांवपळ होते तीच आपल्या वस्तीवरच्या डी. पी. साठीं होईल असें ज्यास वाटतें त्यानें हा लेख पुढें वाचण्याची तसदी घेऊं नये.

आम्ही येथें चार दिवसांचा हिशेब धरीत आहों. संकट त्याहून लांबलें तरी तोंवर रस्ते मोकळे होऊन बाहेरून मदत पोंचूं लागते. पहिले चार दिवस मात्र ज्याचे त्यानेंच काढावयाचे असतात.

सर्वांत आधीं पाण्याचा विचार केला पाहिजे. वीज जाण्याचें नांव काढलें कीं लोक दिव्याची गोष्ट बोलूं लागतात. पण अंधारांत एक रात्र काढतां येते. तहानेल्या म्हशीजवळ एक दिवसही काढतां येत नाहीं. सहा माणसांचें घर, दोन दुभत्या म्हशी व एक बैलजोडी असा साधा संसार घेऊं. पिणें, स्वयंपाक, भांडीं व जुजबी धुणें मिळून माणशीं वीस लिटर धरले तर रोजचे एकशेंवीस लिटर होतात. दुभत्या म्हशीस साठ व बैलास चाळीस लिटर धरले म्हणजे जनावरांचे दोनशें होतात. एकूण रोजचे तीनशेंवीस, आणि चार दिवसांचे तेराशें लिटरांच्या घरांत जातात. पावसाळी हवेंत व ओल्या वैरणीवर जनावरें पाणी थोडें कमी पितात, तथापि हिशेब कमी धरूं नये. म्हणजे हजार लिटरांची एक टाकी, दीडशें-दोनशें लिटरांचें एक पिंप आणि घरांतील हंडे-कळशा एवढ्यानें काम भागतें. यांत कोणास न झेपणारें असें कांहींच नाहीं. बहुतेकांच्या घरीं ही टाकी आहेच. उणीव आहे ती टाकी भरण्याच्या रीतींत. टाकी रिकामी झाली कीं मोटार लावावयाची, अशी आपली पद्धति असल्यामुळें वीज जाते त्या क्षणीं टाकींत किती पाणी असेल हें केवळ दैवाधीन असतें. टाकी अर्धी झाली कीं लगेच भरून घ्यावी, एवढाच नियम पावसाळ्याचे चार महिने पाळला तर एका पैचाही खर्च न होतां अर्धी तयारी झाली असें समजावें. हा नियम घरांतील स्त्रियांच्या हातीं द्यावा. मोटार बंद पडली कीं डोक्यावर हंडा त्यांनाच घ्यावा लागतो, म्हणून या गोष्टीचें मोल त्यांस आपल्याहून अधिक कळतें.

टाकी कोठें ठेवावी यासंबंधानें एक इशारा देणें अवश्य आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. धाब्याच्या जुन्या घरावर किंवा दगडमातीच्या भिंतीवर हें ओझें चढवूं नये. सन १९९३ च्या सप्टेंबरांत ३० तारखेच्या पहांटे किल्लारीस जो भूकंप झाला त्यांत माणसें दगावलीं तीं बहुतांशीं जाड दगडमातीच्या भिंती व मातीचीं जड छपरें अंगावर पडून दगावलीं, हें मराठवाड्यांतील लोकांस सांगावयास नको. टाकीसाठीं अंगणांत निराळा भक्कम चौथरा बांधावा. घराच्या जोत्याहून तो पांच-सहा फूट उंच असला तरी नळाला पाणी आपोआप उतरतें, आणि नदीकांठच्या गांवीं पुराचें घाण पाणी टाकींत शिरत नाहीं.

परंतु सांठविलेलें पाणी सरलें म्हणजे पुढें काय? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. विहीर होती, तिजवर रहाट किंवा मोट होती, आणि कांहीं नसलें तरी दोर-पोहरा होता. आज पुष्कळ वस्त्यांवर पाणी बोअरमधून येतें. सहा इंची भोंकाच्या तळाशीं दोन-तीनशें फुटांवर पाणबुडी मोटार बसलेली असते. तेथें पोहरा जात नाहीं आणि माणसाचें बळही चालत नाहीं. बोअर झाली म्हणून जुनी विहीर दुर्लक्षिली गेली, कप्पी गंजून पडली, कांठ ढांसळले, आणि कांहीं ठिकाणीं तर विहिरींत केरकचरा पडूं लागला. आम्हांस विचाराल तर इन्व्हर्टर विकत घेण्यापूर्वीं जुन्या विहिरीचा कांठ कमरेइतका बांधून घ्यावा, तिच्यावर लोखंडी आडवी नळी टाकून चांगली कप्पी बसवावी, आणि विहिरीच्या खोलीस पुरेल एवढा नवा दोर घरांत कोरडा ठेवावा. याला इन्व्हर्टरच्या किंमतीचा लहानसा हिस्सा लागेल. गांवांत सरकारी हातपंप असेल तर तो चालू आहे कीं नाहीं हें उन्हाळा सरण्यापूर्वींच पाहून ग्रामपंचायतीस कळवावें. पुराच्या दिवशीं त्याचा वायसर शोधीत फिरण्यांत अर्थ नाहीं. ज्यांनीं कुसुम योजनेखालीं किंवा अन्य रीतीनें तारेशीं संबंध नसलेला सौरपंप बसविला आहे, त्यांची स्थिति बरीच बरी. बाहेरची तार तुटली तरी त्यांचा पंप ऊन असेतोंवर चालतो. झांकोळलेल्या दिवसांत मात्र पाणी कमी येतें, म्हणून त्यांनींही टाकीचा नियम सोडूं नये.

सौर यंत्राविषयीं येथेंच आणखी एक गोष्ट सांगून टाकतों, कारण तिजबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. घराच्या छपरावर पट्ट्या बसवून महावितरणच्या तारेस जोडलेलें व बॅटरी नसलेलें यंत्र, बाहेरची वीज गेली कीं तत्क्षणीं आपण होऊन बंद पडतें. मग वर कितीहि ऊन असो. हा यंत्राचा दोष नसून तशी मुद्दाम योजनाच असते. तें चालू राहिलें तर त्याची वीज उलट तारेंत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा प्राण जावयाचा. वीज गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरीची व्यवस्था निराळी करून घ्यावी लागते.

आतां इन्व्हर्टरविषयीं. तो वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेतानें कराव्या. बारा व्होल्टची दीडशें अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी नवी असतां कागदावर अठराशें वॉट-तास वीज धरते. पण अशी बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरावी. त्यांतून इन्व्हर्टरची स्वतःची घट वजा जातां हातीं सातआठशें वॉट-तास उरतात. जुन्या धर्तीचा पंखा पाऊणशें वॉट खातो. तो एक पंखा रात्रभर फिरला कीं सकाळीं बॅटरी निकामी. उलट नऊ वॉटांचे तीन एलईडी दिवे रोज संध्याकाळीं पांच तास लाविले तर एकशेंपस्तीस वॉट-तास लागतात, म्हणजे त्याच बॅटरीवर चार दिवस सुखानें उजेड मिळून वर फोनही भारून होतात. तेव्हां लांबच्या अंधारांत पंखा बंद ठेवावा आणि दूरचित्रवाणीचें तर नांवच काढूं नये. तीन अश्वशक्तीची मोटार या बॅटरीवर चालेल काय, असें विचारणारेही भेटतात. ती चालू लागतांना नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. तो प्रयोग कोणीं करूं नये. बॅटरींत शुद्ध केलेलें पाणीच घालावें, विहिरीचें नव्हे. आणि ती हवेशीर जागीं ठेवावी, कारण भरतांना तिच्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो. देव्हाऱ्याखालच्या बंद कपाटांत ती ठेवून वर निरांजन लावणारीं घरें आमच्या पाहण्यांत आहेत.

जनरेटर किंवा डिझेल इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांनीं दोन गोष्टी प्राणाइतक्या जपाव्या. पहिली अशी कीं, तें घरांत, पडवींत, गोठ्यांत किंवा विहिरींत उतरवून कधींही चालवूं नये. त्याच्या धुरांतील एक विषारी वायु दिसत नाहीं व त्याला वासही येत नाहीं. माणूस झोपेंतल्या झोपेंत जातो, आणि विहिरींत इंजिन बंद पडलें म्हणून पाहावयास उतरलेला एक व त्याला काढावयास उतरलेले दोन, असे तिघेही वर येत नाहींत. दुसरी अशी कीं, घराच्या वायरिंगला जनरेटर जोडावयाचा तर मधें दोन बाजूंचा बदल-स्विच पाहिजेच. नुसत्या दोन पिनांनीं सॉकेटांत वीज सोडली तर ती बाहेरच्या तारेवर चढते आणि डी. पी. तून उलट जाऊन हजारों व्होल्टांची होते. आपली तार जोडावयास जो माणूस पावसांत खांबावर चढला आहे त्यालाच ती मारते.

उजेडाचें फारसें लांबवीत नाहीं. रेशनवरचें रॉकेल आतां बहुतेक गांवीं मिळेनासें झालें आहे आणि आपला कंदील शहरांतल्या खाणावळींत शोभेसाठीं टांगलेला दिसतो. त्याच्या जागीं दोन चांगल्या विजेऱ्या ठेवाव्या, त्यांतील एक सुट्या सेलवर चालणारी असावी, व सेल बाहेर काढून निराळे ठेवावे म्हणजे गळून विजेरी बिघडत नाहीं. दिवसा उन्हांत भारला जाणारा एक सौरकंदील गोठ्यासाठीं असावा. पणती-समई देवापुढें ठीक. वैरणीच्या माळ्यावर उघडी ज्योत नेऊं नये.

पिठाची गोष्ट मात्र विसरली जाते. गिरणी विजेवर चालते आणि आपण आठवड्याचें दळण आणतों. ज्वारीचें पीठ कांहीं दिवस टिकतें, परंतु बाजरीचें पीठ पावसाळी हवेंत आठवड्याच्या आंतच कडू होऊं लागतें, म्हणून तें सांठवून उपयोग नाहीं. दोन गोष्टी करतां येतात. घरांतलें जातें अंगणांत तुळशीजवळ टाकून दिलेलें असेल तर त्याला टांकी लावून खुंटा नीट बसवून घ्यावा. नव्या सुनांस तें ओढतां येणार नाहीं असें म्हणतात. अडल्यावर सर्वांस येतें, आणि दोघांनीं मिळून ओढलें तर पुरुषांनाही येतें. दुसरें म्हणजे दळणावांचून खातां येईल असें अन्न घरांत असावें: पोहे, चुरमुरे, लाह्या, डाळें, शेंगदाणे, गूळ, सातूचें पीठ, मेतकूट, कोंकणांत सुकट व उकडे तांदूळ. तांदूळ-डाळीची खिचडी चार दिवस खाऊन कोणी दुबळा होत नाहीं. गॅसची एक भरलेली टाकी शिल्लक असावी आणि तरीही दोन चुलींचें सरपण व गोवऱ्या माळ्यावर कोरड्या ठेवाव्या.

दुधाचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण म्हैस वीज येईपर्यंत थांबत नाहीं. रस्ते बंद होतात तेव्हां दुधाची गाडी येत नाहीं आणि गांवांतील शीतयंत्रही चालत नाहीं. २०१९ च्या पुरांत असेंच झालें. अशा वेळीं सकाळचें दूध लगेच तापवून विरजावें, संध्याकाळचें आटवून खवा करावा. मोठी कढई व पुरेसें सरपण असेल तर दूध गटारांत ओतण्याची पाळी येत नाहीं. दूध साचलें म्हणून धार काढण्यांत मात्र आळस करूं नये. कास दुखावून जनावर कायमचें बिघडतें.

फोनवर आपली सारी भिस्त असते. पण मनोऱ्याजवळची बॅटरी कांहीं तासांचीच असते व नंतर आपला फोन भरलेला असूनही मुका होतो. म्हणून जवळचे नातलग, तलाठी, पशुवैद्य व दवाखाना यांचे अंक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आंतल्या बाजूस चिकटवावे. त्यांतच वीज तक्रारीचा १९१२, रुग्णवाहिकेचा १०८, सर्व संकटांचा ११२ व जिल्ह्याच्या आपत्ति कक्षाचा १०७७ हे अंक असावे. सेलवरचा एक लहान रेडिओ असला म्हणजे आकाशवाणीवरून हवामानाची वार्ता तरी कळते. ट्रॅक्टर असेल त्यानें त्याच्या बॅटरीवर फोन भारण्याची जोडणी करून घ्यावी. पैशाविषयीं एवढेंच कीं, फोनावरून पैसे देण्याची सोय व बँकेचें यंत्र हीं दोन्ही विजेबरोबर जातात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून चार दिवसांचा बाजारखर्च घरांत असावा. सातबारा, पासबुकें, आधारपत्रें आणि जनावरांच्या कानांतील बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक यांच्या नकला जाड प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून जेथून हातीं लागेल अशा उंच जागीं ठेवाव्या. नुकसानीचा पंचनामा होतो तेव्हां ज्याच्याकडे कागद असतो त्याचें काम लवकर होतें.

घरांत कोणी साखरेच्या विकारासाठीं इन्सुलिन घेत असेल तर शीतकपाट बंद झालें म्हणून घाबरूं नये. वापरांतली कुपी साधारण गारव्यांत सुमारें चार आठवडे टिकते. एका मडक्याला ओलें फडकें गुंडाळून, आंत कुपी कोरड्या डबींत ठेवून, तें मडकें वाऱ्याच्या जागीं सावलींत ठेवावें. उन्हांत ती कधींही ठेवूं नये, व पांढुरकी निघाली किंवा गांठी दिसल्या तर विचारल्यावांचून टोंचूं नये. ज्यांना प्राणवायूच्या यंत्रावर किंवा मूत्रपिंडाच्या उपचारावर राहावें लागतें त्यांना पुराचा इशारा येतांच शहरांतील नातलगांकडे पोंचवावें.

अंधार व पाणी एकत्र आलीं म्हणजे साप घराकडे येतात, कारण त्यांनाही कोरडी जागा पाहिजे असते. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चार विषारी जातींपैकीं मण्यार तर जमिनीवर झोंपलेल्या माणसाला रात्रीं चावते आणि चावल्याची खूणही नीट उमटत नाहीं. म्हणून पावसाळ्यांत खाटेवर, मच्छरदाणी गादीखालीं खोंचून झोपावें आणि रात्रीं विजेरीवांचून पाऊल टाकूं नये. दंश झाला तर चिरणें, चोखणें, करकचून बांधणें व मांत्रिकाकडे नेणें हे चारही उपाय घातक आहेत. अवयव हालूं न देतां रुग्णास थेट जेथें सर्पविषावरची लस असते अशा सरकारी रुग्णालयांत न्यावें. आपल्या जवळचें असें रुग्णालय कोणतें, हें आजच विचारून ठेवावें.

गोठ्यांतलीं दावीं हा विषय आम्ही मुद्दाम निराळा काढतों. पूर येतो तेव्हां माणसें पळतात आणि जनावरें दाव्याला बांधलेलीं राहतात. तीं पुरानें मरत नाहींत, दाव्यानें मरतात. मोकळें सोडलेलें जनावर पोहून उंचवटा गांठतें. नदीकांठच्या प्रत्येक गोठ्यांत दाराशीं एक धारदार विळा टांगलेला असावा आणि पाणी अंगणाला लागतांच, गांठ सोडण्याच्या भानगडींत न पडतां, दावीं कापावीं. माणसांनींही होडीची वाट पाहत शेवटपर्यंत थांबूं नये. सन २०१९ च्या ८ ऑगस्टास ब्रह्मनाळ येथें माणसांनीं भरलेली होडी उलटून अनेकांचा अंत झाला. पाणी कमरेखालीं असतांनाच निघालेल्या माणसाला होडी लागत नाहीं.

पडलेल्या तारेची गोष्ट तर कितीदां सांगितली तरी थोडीच. खालीं पडलेली तार मेलेली आहे असें कधींही मानूं नये. तिच्यापासून तीस-चाळीस फूट दूर राहावें, जनावरें वळवावीं, आणि लांकडानें ती उचलूं पाहूं नये, कारण ओलें लांकूड वीज नेतें. ट्रॅक्टरवर तार पडली तर खालीं न उतरतां वरच बसून राहावें. पेट घेतला तरच दोन्ही पाय जोडून दूर उडी मारावी व पाय जोडूनच उड्या घेत दूर जावें. डी. पी. चा फ्यूज गेला म्हणून काठीला आंकडा बांधून तो स्वतः बसविणारे ‘जाणते’ प्रत्येक गांवीं असतात. अशा जाणत्यांच्या विधवाही गांवोगांवीं आहेत. घरांत मीटरजवळ गळतीवर तुटणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा आणि पाऊस लागण्यापूर्वीं भुईतार खणून पाहून तिच्याभोंवतीं मीठ-कोळसा व पाणी घालावें. गोठ्यांतील लोखंडी खांबाला हात लावतांच झिणझिण्या येत असतील तर तें चेष्टेवारी नेऊं नये. माणसाला झिणझिण्या येतात तेथें गाय मरते.

पूर ओसरला, आतां सर्व ठीक झालें, असें वाटतें तेव्हां विहिरीची पाळी येते. पुराचें पाणी शिरलेली विहीर आधीं उपसून गाळ काढावा व मगच औषध घालावें. हिशेब असा: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, हीं सर्व मीटरांत, यांचा गुणाकार ३.१४ नें गुणून चारांनीं भागावा. जे घनमीटर येतील तितके हजार लिटर. तीन मीटर व्यासाची व चार मीटर पाण्याची विहीर सव्वाअठ्ठावीस हजार लिटरांची होते. चांगली, वास तिखट असलेली ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे येथें सुमारें सत्तर ग्रॅम. गढूळ पाण्यास दुप्पट. ती बादलींत कालवून, चुना खालीं बसूं देऊन, वरचें पाणी पोहऱ्यानें विहिरींत खोल सोडून ढवळावें व निदान एक तास पाणी काढूं नये. डबा उघडा राहून वास गेलेली पावडर निरुपयोगी असते, म्हणून ती दरवर्षीं नवी आणावी. तोंवर पिण्याचें पाणी खळखळून उकळलेलेंच घ्यावें.

शेवटीं वीज परत येते, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें सर्वांत अधिक मोटारी व डी. पी. त्याच वेळीं जळतात. कारण ऑटोस्विच. वीज येतांच एका डी. पी. वरच्या दहा-पंधरा मोटारी एकाच क्षणीं चालू होतात, प्रत्येक पांच-सहा पट प्रवाह ओढते, आणि चार दिवस वाट पाहून मिळालेली वीज चार मिनिटांत पुन्हा आठवड्यासाठीं जाते. म्हणून ऑटोस्विच काढून टाकावे, मोटारीस कपॅसिटर बसवावे, आणि एका डी. पी. वरील शेतकऱ्यांनीं आपसांत क्रम ठरवावा: आधीं वस्तीवरील पिण्याच्या पाण्याची मोटार, नंतर दहा-दहा मिनिटांच्या अंतरानें बाकीच्या. पाण्यांत बुडालेली मोटार तर उघडून, वाळवून, तपासून घेतल्याखेरीज सुरूच करूं नये. शीतकपाट व दूरचित्रवाणी यांचे प्लग वीज जातांच काढून ठेवलेले असावे. वीज आल्यावर आधीं एक दिवा लावावा, आणि तो दहा मिनिटें एकसारखा जळला तरच ते पुन्हा लावावे.